रंग ओला आहे हो

निमकर सरांना कुणी एखाद्या पोराबद्दल विचारलं, की ते खाली वाकून बुटाचे बंद बांधायला लागायचे. बंद सुटलेले नसायचेच. असलेली गाठ सोडायची, दोन्ही टोकं ओढून सारखी करायची, पुन्हा गाठ मारायची, मग दुसरा बूट घ्यायचा. विचारणारे आईबाप तोवर त्यांच्या टकलाकडे बघत उभे. कंटाळून ते निघून गेले की सर उठायचे, गुडघे झटकायचे आणि शिट्टी मारायचे.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मुलाकडे जर्मनीत एर्लांगेनला येऊन माझा एक हिवाळा गेला होता. नात ईरा बास्केटबॉल शिकायला जायची. तिला बसने न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी त्या हॉलमधल्या बाकावर कोट न काढता बसून राहायचो. बुटांचा चीं-चीं आवाज, पोरांचं जर्मन ओरडणं, आणि मध्येच सरांचं मराठी. एखादं पोरगं चुकलं की, "अरे देवा!" ते पोरगं जर्मन असलं तरी "अरे देवा". सगळ्या जर्मन पोरांना तो शब्द कळत होता.

तर पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय सर, आमची ईरा कशी खेळते?"

सर खाली वाकले.

मी काही आईबाप नव्हे, मी उभाच राहिलो. दोन्ही बुटांचे बंद झाले. मग त्यांनी पहिला बूट परत घेतला. मी म्हटलं, "अहो, तिसरा पाय असता तर बरं झालं असतं तुम्हाला."

ते खालूनच हसले. वर बघून म्हणाले, "आबा, तिचा रंग ओला आहे हो अजून. ओल्या रंगाला हात लावला की बोट उमटतं. मग ते बोट जन्मभर तसंच राहतं."

मला ते बोलणं पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. मी मिरजेकडचा माणूस. शाळा चौथीपर्यंत. उभी हयात तालमीच्या मातीत गेली, त्यातली निम्मी वस्ताद म्हणून. पोराची मान, मनगट आणि पिंढरी चाचपून हा पैलवान होईल की नाही हे मी सांगायचो. लोक लांबून पोरं घेऊन यायचे. दोन शब्दांत निकाल. "ठेवा इथं," नाहीतर "न्या परत." वस्तादानं सांगायचं नाही तर मग कुणी सांगायचं? हे मी सरांना ऐकवलं. त्या दिवसापासून ते मला वस्ताद म्हणायला लागले. मी त्यांना सरच म्हणत राहिलो. वयानं मी थोडा मोठा, शिक्षणानं ते. कुणी कुणाला अरे-तुरे केलं नाही.

सर मूळचे नागपूरचे. इथल्या एका मोठ्या कारखान्यात दवाखान्याची यंत्रं बनवण्यात त्यांची नोकरी संपली, बायकोही इथंच गेली. मुलगी हॅनोव्हरला. उरलेला माणूस त्या हॉलमध्ये असायचा. एकच निळी लोकरीची टोपी, एकच सायकल. हॉलची किल्ली गळ्यात, शिट्टीच्या दोरीलाच बांधलेली. क्लबच्या लोकांनी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं, वर्षाअखेरीला एक चांगला खेळाडू निवडून त्याला करंडक देत जा. सर जर्मनमध्ये 'हो, अगदी बरोबर' म्हणायचे, "या, गेनाऊ, देऊ की," आणि सगळ्या पोरांना एकेक सफरचंद द्यायचे. हो म्हणायचं आणि करायचं नाही, ही त्यांची पद्धत. भांडणाचा त्यांना कंटाळा होता. मला नाही.

त्यांच्या हाताखाली एक पोरगा तयार झाला होता. ओंकार. आईबाप पुण्याचे, पोराचा जन्म इथला. एवढा उंच, की माझ्या मुलाच्या घरात शिरताना दाराला वाकून नमस्कार केल्यासारखा यायचा. मराठी समजायचं, बोलायला लागला की निम्म्यात जर्मन व्हायचं. पण वाकून पाया पडायचा, आणि मला आबा म्हणायचा. मी त्याचं मनगट धरून बघितलं होतं. मान बघितली होती. आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हा मोठा होणार. लिहून घ्या."

सर कुठं होते? खाली. बंद बांधत.

अमेरिकेत दर वर्षी तिथले मोठे क्लब जगभरातली तरणी पोरं निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. एकेक क्लब एकेका पोराचं नाव पुकारतो. बैलबाजारात दात बघून बोली लावतात तसंच मला ते वाटलं. त्यात ओंकारचं नाव पुकारलं गेलं. अगदी शेवटी शेवटी, पण पुकारलं गेलं. सकाळी उठलो तर घरातले सगळे फोन वाजत होते.

आता आपल्या लोकांचं काय असतं बघा. पोरानं अजून त्या क्लबची चड्डीसुद्धा घातलेली नव्हती. तोवर आमच्या मराठी मंडळाची बैठक झाली. मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर. माणूस कामाचा, पण हातात शाल असली की समोर खांदा शोधणारा. ठरलं, गणपतीत, चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, ओंकारचा जंगी सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, ढोल-ताशा. न्युर्नबर्गहून फ्लेक्स छापून आणला, त्यावर ओंकारचा फोटो आणि वर "महाराष्ट्राचा झेंडा अमेरिकेत".

सर जोगळेकरांच्या घरी गेले. मी सोबत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाच्या दारात जाऊन काही मागताना बघितलं.

"जोगळेकर, सत्कार करू नका. तीन हिवाळे जाऊ द्या. मग ढोल मी स्वतः वाजवीन."

"अहो सर, तीन वर्षांनी लोक विसरतात. उत्साह आत्ता आहे."

"उत्साह तुमचा आहे. खेळायचं त्याला आहे."

"म्हणजे तुम्हाला आनंद नाही का झाला?" जोगळेकर हसून म्हणाले. "गुरूला तर सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे."

सर बाहेर आले. सायकलीचं कुलूप काढायला त्यांना फार वेळ लागला. मी म्हटलं, "सर, पोराचं कौतुक करायलाच नको असं कुठं असतं का? आमच्याकडं कुस्ती मारली की पटका बांधतात."

"कुस्ती मारल्यावर ना, वस्ताद? मारायच्या आधी नाही ना?"

फेटा मीच बांधला. मला बोलावलं, मी गेलो. एवढ्या उंच पोराला खुर्चीवर बसवून बांधला, आणि चांगला बांधला. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते माईकपाशी गेले आणि म्हणाले, "ओंकारनं अजून काही केलेलं नाही. उद्या त्याला लवकर उठायचं आहे. त्याला घरी जाऊन झोपू द्या." एवढंच. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जोगळेकरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

त्या दिवशी नंतर बसच्या थांब्यावर सर माझ्या शेजारी येऊन बसले. सायकल भिंतीला टेकवली. बस यायला वेळ होता. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि स्वतःहून बोलले.

अठराव्या वर्षी सर राज्याच्या संघात निवडले गेले होते. नागपुरात त्यांच्या गल्लीनं त्यांना उघड्या जीपमधून फिरवलं. वडिलांनी पेढे वाटले. शाळेच्या मास्तरांनी भाषण केलं की हा देशाचा कप्तान होणार.

"मग?" मी म्हटलं. "गुडघा मोडला?"

"नाही हो. तेच तर. गुडघा मोडला असता तर फार बरं झालं असतं. लोकांना सांगायला काहीतरी असतं. मला काहीही झालं नाही, वस्ताद. मी खेळत राहिलो. मी तेवढाच होतो. बरा होतो. पण जीपमधून उतरल्यावर बरं असून चालत नाही. वडील मरेपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, आमच्या शरदचं जमलं नाही. मी इंजिनियर झालो, परदेशात आलो, घर बांधलं. तरी, शरदचं जमलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या तालमीत तुम्ही किती पोरांना परत न्या म्हणालात?"

"पुष्कळ."

"त्यांचं पुढं काय झालं?"

"मला काय माहीत? ती परत आलीच नाहीत."

"या," सर म्हणाले. जर्मन लोक 'हो' म्हणतात तसं, श्वास आत घेत. "गेनाऊ. तेच."

त्यावर मी उठलो. उत्तर नव्हतं म्हणून नाही. बस आली म्हणून.

ओंकार अमेरिकेला गेला. तिथं काय झालं ते मला टीव्हीवरून थोडं कळलं, ईराकडून थोडं. मोठ्या संघात त्याला बाकावर बसवलं. मग खालच्या संघात पाठवलं. तिथं खेळला, मध्येच पुन्हा वर बोलावलं, पुन्हा बाकावर. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या वर्षी लोक त्याचा बाकावर बसलेला फोटोसुद्धा टाकायचे आणि खाली टाळ्या. दुसऱ्या वर्षी टाळ्या थांबल्या. मग कुणी लिहिलं, "डिफेन्स कच्चा आहे." ज्या माणसानं हे लिहिलं त्याला जिना चढताना धाप लागते. मग कुणी लिहिलं, शिक्षण सोडायला नको होतं. त्या क्लबनं पुढं त्याला ठेवलं नाही आणि तो घरी आला, तेव्हा जोगळेकर मला दुकानात भेटले आणि म्हणाले, "आपली जरा घाईच झाली म्हणायची. पोरगं वायाच गेलं."

मी म्हटलं, "तो बावीस वर्षांचा आहे. वाया जायला तुम्हाआम्हाला किती वर्षं लागली?"

हे मी सरांचं ऐकून म्हटलं असं कुणी समजू नये. मी ओंकारची मान बघून सांगितलं होतं की तो मोठा होणार, आणि ते माझं सांगणं अजून खोटं ठरलेलं नाही.

पण पोरगा घराबाहेर पडेना. आई मंडळात यायची बंद झाली. बाप पोस्टाच्या पेटीशी भेटला तरी खाली मान. ओंकार दिवसभर झोपायचा, हॉलकडं फिरकायचा नाही, चेंडू कपाटावर टाकून दिलेला. सर रोज सायकलीनं त्याच्या घरावरून जायचे. वर जात नसत. घंटी वाजवायचे, सायकलीची, आणि पुढं जायचे. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "मी आहे एवढं कळावं त्याला. बोलावलं तर त्याला यावं लागेल. यावं लागू नये."

मग हिवाळ्याच्या तोंडाला सरच आजारी पडले. पोटात आधीपासून काहीतरी होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगी हॅनोव्हरहून आली. मी दोन बसा बदलून इस्पितळात जायचो. जाऊन करायचं काय, तर बसायचं. या वयात माणूस दोनच ठिकाणी बसतो, सत्काराला आणि खाटेशेजारी. खुर्च्या सगळीकडं सारख्याच कडक.

एका दुपारी मी बसलेलो असताना ओंकार आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दारातून वाकून आत शिरला, पाया पडला, आणि उभाच राहिला. सरांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बारीक झालास."

"सर," तो म्हणाला, "मला खरं सांगा. तुम्ही कधीच सांगितलं नाही. मी लहान होतो तेव्हापण नाही. आल्झो, म्हणजे, मला आता कळायला पाहिजे. मी चांगला आहे की नाही? नसेन तर मी थांबतो. पण कोणीतरी सांगा ना."

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं, आता कसं करणार हा माणूस? पाय पांघरुणात, पायात काही नाही.

सरांनी इकडं-तिकडं बघितलं. खाटेखाली वाकून बघायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वस्ताद, माझे बूट कुठं ठेवलेत हो?"

आधी मीच हसलो. मग ओंकार. हसता हसता तो खाटेच्या कडेवर बसला, तोंड हातात धरलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. ते हसणं नव्हतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, आज तरी बोला. पोरगं मागतंय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. एक शब्द टाका त्याच्या पदरात."

सर दमले होते. एकेक शब्द सांभाळून बोलत होते. "वस्ताद, मी आत्ता जे बोलेन ते मरणाऱ्याचं बोलणं होईल. ते तो जन्मभर खिशात घेऊन फिरेल. हो म्हटलं तरी, नाही म्हटलं तरी. मी जीपमधून फिरलोय. मी कुणाला जीपमध्ये घालणार नाही." मग ओंकारला म्हणाले, "मला माहीत नाही रे. लपवत नाहीये. खरंच माहीत नाही. तुझा रंग ओला आहे. मला एवढंच माहीत आहे की सोमवारी लहान पोरं हॉलच्या बाहेर थंडीत उभी राहतील, आणि किल्ली माझ्याकडं आहे."

गळ्यातली दोरी त्यांना काढता येईना. मी काढून दिली. किल्ली आणि शिट्टी.

ओंकारनं ती घेतली. "आणि त्यांना काय शिकवू?"

"काही नको. चेंडू दे. पडलं कुणी तर अरे देवा म्हण."

सोमवारी मी ईराला घेऊन गेलो तेव्हा हॉलचे दिवे लागलेले होते. ओंकार मध्ये उभा होता आणि त्याच्या कमरेएवढी पोरं त्याच्याभोवती. मी इस्पितळात जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं विचारलं, "वेळेवर उघडला ना?" मी म्हटलं, वेळेवर. त्यांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात ते गेले.

मंडळानं शोकसभा घेतली. सत्कार झाला होता त्याच चर्चच्या हॉलमध्ये, त्याच खुर्च्यांवर, आणि बोलणारेही तेच. जोगळेकरांनी सांगितलं की सर म्हणजे दीपस्तंभ होते. मग त्यांनी जाहीर केलं की सरांची आठवण म्हणून मंडळ दर वर्षी एक पुरस्कार देणार. बारा वर्षांखालच्या मुलांतल्या सगळ्यात होतकरू खेळाडूला. शाल, श्रीफळ, सरांच्या नावाचा करंडक. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी ओंकार बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. ओरडायला अंगात त्राण लागतं, ते माझ्याकडं उरलेलं नव्हतं.

ओंकार आता जवळच्या गावातल्या एका लहान क्लबकडून खेळतो. कधी चांगलं खेळतो, कधी नाही. सोमवारी हॉल उघडतो. किल्ली त्याच्या गळ्यात असते.

गेल्या सोमवारी जोगळेकर हॉलमध्ये आले. माझ्या शेजारी बाकावर टेकले. "आबा, तुम्ही वस्ताद माणूस, तुमची नजर तयार. पुरस्कारासाठी एक नाव काढून द्या यातून. नातीचं काढलंत तरी कुणी काही म्हणणार नाही," असं म्हणून हसले. मग आवाज बारीक करून विचारलं, "आणि हा आपला ओंकार? काय वाटतं? जाईल का परत वर?"

सांगायला माझ्याकडं पुष्कळ होतं. कुठल्या पोराचं मनगट कसं आहे ते मी बाकावर बसून सांगू शकतो, आजही. पण माझ्या बुटांना बंद नाहीत, मुलानं चिकटपट्टीचे घेऊन दिलेत, आणि कंबर तर वाकतच नाही. मी चष्मा काढला. कोटाचं टोक घेतलं आणि काचा पुसायला लागलो. एक काच झाली, दुसरी झाली. मग पहिली परत घेतली.

जोगळेकर जरा वेळ बसले. मग उठून गेले.

मी चष्मा लावला. ईरानं टाकलेला चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून बाहेर आला. "अरे देवा!" ओंकार ओरडला. ती धावत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.